दा, मा आणि मुरख: डब्लिनमधल्या आयरिश भाषेच्या एका वर्गाचा हिशेब

पाचपैकी साडेतीन तारे. एक तारा ध्वनिफितींनी खाल्ला, अर्धा हीटिंगनं. उरलेले साडेतीन बहुतेक सगळे सहाव्या आणि सातव्या मंगळवारचे आहेत, त्यामुळे लिहिणारही त्यांच्याबद्दलच जास्त आहे. वर्गाचं नाव देत नाही. तक्रारी आहेत, पण माणसं भली आहेत. दहा आठवडे, दर मंगळवारी संध्याकाळी सात ते नऊ, फी १९५ युरो. चहा-बिस्किटं त्यातच.

मी मूळची पलूसची, सांगली जिल्ह्यातली. डब्लिनला नऊ वर्षं झाली. औषधांच्या कंपनीत गुणवत्ता तपासणीचं काम करते. इथल्या शाळेत आयरिश सक्तीची, परदेशातून मोठ्या वयात येणाऱ्या मुलांना सूट मिळते. आलो तेव्हा लेक सहा वर्षांची होती, म्हणजे तिला सूट मिळायचा प्रश्नच नव्हता. आता ती पंधराची आहे. गेल्या सप्टेंबरात वही घेऊन स्वयंपाकघरात आली नि म्हणाली, "आई, निबंध लिहायचाय. मी मुख्याध्यापिका असते तर."

मला हसूच फुटलं. मी पक्षी असते तर, सूर्य उगवला नाही तर, परीक्षा नसत्या तर! चौथीपासून दहावीपर्यंत आपण दुसरं केलं काय? शिवाय माझी आई शाळेत मराठी शिकवायची. संकेतार्थी वाक्यं आमच्या घरी जेवणाच्या ताटावर व्हायची. म्हटलं, विषय आपलाच आहे, बसूया मदतीला. आणि पहिल्याच दोन शब्दांवर गाडी अडली. लेक वाचत होती 'दा मेन्य', म्हणजे 'मी असते तर'. कागदावर मात्र एमच्या मागं ठळक बी दिसत होता.

"हा बी कुठं गेला?"

"तो मुका आहे."

"मग लिहायचा कशाला?"

"तो मूळचा आहे, आई. एम नंतर येऊन त्याच्या पुढं बसलाय."

त्या रात्रीच वर्गात नाव घातलं.

(आयरिश शब्द मी माझ्या कानाला आले तसे देवनागरीत लिहिते आहे. आमचे मास्तर कोनमाराचे, म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरच्या गॉलवेकडचे. तुमचे मास्तर केरीचे किंवा डोनेगलचे, म्हणजे दुसऱ्या बोलीचे, असतील तर ते नाक मुरडतील.)

पहिल्या दिवशी आम्ही चौदा जण होतो, शेवटी नऊ उरलो. एक निवृत्त गार्डा, म्हणजे इथले पोलीस, रॉसकॉमनकडचे. एक ब्राझीलची मुलगी, कॉफीच्या दुकानात काम करणारी. परदेशात शिकून आलेली एक शिक्षिका, कारण इथल्या प्राथमिक शाळेत कायम शिकवायचं तर आयरिशची पात्रता परीक्षा द्यावी लागते. बाकीचे सगळे इथलेच, शाळेत बारा-तेरा वर्षं आयरिश शिकून एक वाक्य बोलायला घाबरणारे. मास्तरांनी फळ्यावर दहा आठवड्यांचा आराखडा लिहिला. सहाव्या ओळीवर 'मो कुनीलख' हे शब्द आले आणि वर्गात असा सुस्कारा उठला की जणू कुणीतरी दहावीच्या बीजगणिताचा पेपर वाटला. मो कुनीलख म्हणजे क्रियापदाचं जर-तरचं रूप. या देशात तो व्याकरणाचा भाग कमी आणि पिढ्यान्‌पिढ्यांची सामुदायिक आठवण जास्त आहे. टॅक्सीवाल्याला सांगा आयरिश शिकतेय म्हणून, तो पहिलं विचारेल, मो कुनीलखपर्यंत पोचलात का?

पहिले पाच मंगळवार नमस्कार, हवामान, नातेवाईक, घड्याळ. ठीक होते. त्यातली एकच गोष्ट सांगण्यासारखी. आयरिशमध्ये 'कृपया' म्हणायचं तर 'माशे द हेल ए' म्हणतात. शब्दशः अर्थ, 'तुझी इच्छा असेल तर'. म्हणजे पहिल्याच दिवशी चहा मागताना तुम्ही संकेतार्थी वाक्य बोलून मोकळे झालेले असता आणि कुणी तुम्हाला ते सांगत नाही. मला हे फार आवडलं. आपण तरी 'कृपया' कुठं म्हणतो? ते रेल्वेच्या घोषणेत. घरी आपण 'वेळ असेल तर जरा येऊन जा', 'जमलं तर बघ' असंच म्हणतो. विनंतीला 'तर'चा टेकू लागतोच.

सहावा मंगळवार 'मा'चा. आयरिशमध्ये 'जर' एक नाही, दोन आहेत. घडू शकेल, घडत असेल, घडून गेलं असेल, अशा खऱ्याखुऱ्या शक्यतेला 'मा'. नुसत्या कल्पनेतल्याला 'दा'. मराठीत हे काम क्रियापद एकटंच करतं. 'तो आला तर' आणि 'तो आला असता तर' यात 'तर' तोच, फरक सगळा 'असता'मध्ये. आयरिश माणूस तोंड उघडतानाच सांगून टाकतो की पुढं खरं येणार आहे की हवेतलं. 'दा' कानावर पडलं की समजायचं, आता मनोरथ.

'मा'च्या मागून येणाऱ्या क्रियापदाचं पहिलं व्यंजन मऊ होतं, त्याला 'शेवू' म्हणतात. 'बीन'चं 'मा व्हीन' होतं. 'ता' मात्र हट्टी, ते 'मा ता' असंच राहतं. आणि या 'ता' नि 'बीन'मध्ये माझा पहिला विजय झाला. 'ता' म्हणजे या क्षणी आहे. 'बीन' म्हणजे नेहमी असतं. मास्तर अर्धा तास समजावत होते आणि इंग्रजीवर वाढलेली मंडळी कपाळाला आठ्या घालून बसली होती. मी मनात म्हटलं, अहो, हे तर 'आहे' आणि 'असतो'! तो घरी आहे. तो रविवारी घरी असतो. संपलं. आपली तीन वर्षांची पोरं हा फरक चुकत नाहीत. वर्गात दुसरे समजले ते फक्त गार्डा. त्यांच्या गावाकडच्या इंग्रजीत 'असतो'साठी 'डझ बी' असं म्हणतात. शाळेत त्या 'डझ बी'बद्दल त्यांनी छड्या खाल्ल्या होत्या. ते हळूच म्हणाले, ही तर आमच्या आज्जीची इंग्रजी. मास्तर म्हणाले, आज्जी इंग्रजी शब्दांत आयरिशच बोलत होती.

आता माझी फजिती. 'मा'नंतर भविष्यकाळ चालत नाही. उद्या पाऊस आला तर मी घरी राहीन, हे सांगायचं तर 'मा'पुढं नेहमीचा वर्तमान यायला हवा आणि दुसऱ्या अर्ध्यात भविष्य. मी ऐटीत उठले आणि फळ्यावर भूतकाळ लिहून आले. कारण आपल्या डोक्यात 'आला तर'! मराठीत उद्याच्या पावसाला आपण 'आला' म्हणतो, तो अजून समुद्रावर असला तरी. मास्तरांनी विचारलं, काल पाऊस आला की नाही हे तुला ठाऊक नाही का? आयरिशमध्ये माझ्या वाक्याचा अर्थ तोच निघत होता. पाऊस येऊन गेला असल्यास मी घरी राहीन. डब्लिनमध्ये पाऊस आला की नाही याची शंका असलेली बाई! वर्ग हसला, मीही हसले. मराठी माणसानं 'मा'पाशी सांभाळायचं ते एवढंच. 'आला तर'मधला 'आला' घरी ठेवून यायचा.

इंग्रजीवाल्यांचा खड्डा वेगळाच होता. 'तो आहे की नाही मला माहीत नाही' या वाक्यात इंग्रजीत तोच 'जर'चा शब्द वापरतात, म्हणून त्यांनी सगळ्यांनी तिथंही 'मा' घातला. आयरिशमध्ये तिथं 'मा'चा संबंध नाही, प्रश्नार्थक 'अन' लागतो. आपण 'की नाही' म्हणतो आणि 'जर'ला त्यात ओढत नाही, त्यामुळे ही चूक मला सुचलीसुद्धा नाही.

आणि नकार. 'मा'ला 'नाही' जोडता येत नाही. त्यासाठी 'मुरा' हा वेगळा शब्द आहे, 'नाही तर'चा एकच गोळा. तो 'मा'च्या बाजूलाही उभा राहतो आणि 'दा'च्याही. पुढच्या व्यंजनाला 'दा'सारखंच वागवतो. ते कसं, ते आता.

सातवा मंगळवार. बाहेर वारा, आत हीटिंग बंद, सगळे कोट घालून बसलेले. मास्तरांनी फळ्यावर 'दा' लिहिलं आणि खाली एक तक्ता काढला. 'दा'च्या मागून येणारं व्यंजन झाकलं जातं, त्याला 'उरू' म्हणतात. कचा ग होतो. पचा ब. तचा द. फचा व. आणि बचा म, दचा न, गचा ङ. प्रत्येक जोडी वेगळी पाठ करायची, असं म्हणून त्यांनी दोन मिनिटं दिली. शिक्षिकेनं रंगीत पेन काढले. ब्राझीलच्या मुलीनं मोबाइलवर फोटो काढला.

मी तक्त्याकडं बघतच राहिले. क, ग, ङ. त, द, न. प, ब, म. ही तर आपली मुळाक्षरं हो! कठोर व्यंजन त्याच ओळीतल्या मृदूवर घसरतं, मृदू असेल ते ओळीच्या टोकाला अनुनासिकावर जातं. बालवाडीच्या भिंतीवर असते ती वर्णमाला, आडव्या ओळी, तोंडात जीभ जिथं लागते त्या क्रमानं. आयरिश पोरं वर्षानुवर्षं सात जोड्या घोकतात आणि फचा व सोडला तर त्यांच्यामागं एकच चाल आहे, ओळीत उजवीकडं सरका. मी वहीचं पान फाडून त्यावर क ख ग घ ङ पासून म पर्यंत लिहिलं आणि मास्तरांना दाखवलं. शेवूचाही अर्धा हिशेब त्यात बसतो. कचा ख, पचा फ. बाकीचा नाही बसत, तचा नुसता ह होतो, नि मचा व. पण उरू, तो एक फ सोडला तर, पुरा बसतो. मास्तर ते पान बराच वेळ बघत होते. मग त्यांनी ते मागून घेतलं. पुढच्या आठवड्यात त्याच्या छायाप्रती सगळ्यांना वाटल्या, माझ्या वाकड्या अक्षरासकट. (या केंद्राच्या छायाप्रती इतक्या फिक्या असतात की ङ आणि ड सारखेच दिसत होते, पण ते असो.)

आणि मग तो मुका बी कळला. मूळ शब्दात ब आहे, उच्चारात म झाला. आयरिश लिहिणारे दोन्ही लिहितात, आधी ऐकू येणारा म, मागं मूळचा ब. म्हणजे वाचणाऱ्याला घर आणि माहेर दोन्ही कळावं. लेकीचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं.

उच्चाराचं आणखी एक. 'दा'मधला द आपला दातांचा द आहे, इंग्रजी ड नव्हे. 'ता'मधला तसुद्धा दातांचा. वर्गातले बाकीचे 'डा' आणि 'टा' म्हणत राहिले नि मास्तर त्यांना जीभ पुढं आणा, पुढं आणा सांगत राहिले. मला त्यांनी विचारलं, तुला कुणी शिकवलं? काय सांगणार, दत्तमंदिरानं?

'दा'नंतर मो कुनीलख लागतो आणि वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्यातही तोच. दोन्हीकडं एकच मुखवटा. 'असते तर गेले असते', आपल्याकडंही दोन्हीकडं 'असते' येतो ना, तसंच. आणि क्रियापदाच्या शेपटीत माणूस दडलेला असतो. 'मी'ची शेपटी 'इन'. मी गेले असते, याला एकच शब्द: 'राखिन'. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पुन्हा म्हणायला लावलं. 'राखिन.' आणि मला मिळालं असतं, याला 'योइन'. आपण जाईन, येईन, देईन, राखीन म्हणतो, शेपूट तीच. दोघांचा काही संबंध नाही, निव्वळ योगायोग आहे, पण पाठांतराला योगायोगासारखा मित्र नाही. आपण 'मान राखीन' म्हणतो त्यातला शब्द इथं 'मी गेले असते' होऊन बसलाय, हे एकदा डोक्यात गेलं की जन्मभर विसरत नाही.

शेपटीत 'मी' आहे म्हणून वेगळा 'मी' लावायचा नाही. वर्गातले लोक लावत होते. लावला की मास्तर टेबलावर बोट आपटायचे. आपल्याला नुसतं 'जाईन' म्हणायची सवय असल्यामुळे मला ते बोट एकदाही ऐकावं लागलं नाही. 'तू'ची शेपटी 'फा', 'राखफा' म्हणजे 'तू गेली असतीस'. 'आम्ही' आणि 'ते' यांनाही स्वतःच्या शेपट्या आहेत. 'तो', 'ती' आणि 'तुम्ही' तेवढे शब्द वेगळे लिहायचे. लिहिताना या शेपट्यांमध्ये एफ असतो, पण बहुतेक ठिकाणी तो ह म्हणून ऐकू येतो. 'मी प्याले असते' याला 'दोल्हिन'. 'फा'मध्ये मात्र तो पुरा फ असतो. का? मास्तर म्हणाले, विचारू नका.

'हो' आणि 'नाही'ला आयरिशमध्ये सरळ शब्द नाहीत. क्रियापदच परत करायचं. 'राखफा का?' असं विचारलं तर 'राखिन' किंवा 'नी राखिन'. जाशील का? जाईन. आपल्यासारखंच.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसले ती. मास्तरांनी एक वाक्य दिलं. 'दा म्येख अ इस अगम, जेअर्हिन ल्यात ए.' मला माहीत असतं तर मी तुला सांगितलं असतं. गार्डांनी विचारलं, म्हणजे आत्ता माहीत असतं तर, की काल माहीत असतं तर? मास्तर म्हणाले, दोन्ही. शिक्षिका म्हणाली, दोन्ही कसं, इंग्रजीत ही दोन वेगळी वाक्यं आहेत. मास्तर म्हणाले, आयरिशमध्ये एकच आहे, संदर्भावरून कळतं. वर्गात वीस मिनिटं गोंधळ. कुणी म्हणालं ही भाषा अपुरी आहे. एकानं फळ्यावर जाऊन काळाची रेघ काढली, तिच्यावर बाण काढले.

मी वहीत मराठी वाक्य लिहिलं आणि बघितलं. 'मला माहीत असतं तर मी तुला सांगितलं असतं.' शेजारीण आत्ता विचारतेय, बिल्डिंगची किल्ली कुणाकडं आहे? मला माहीत असतं तर सांगितलं असतं. परवाची गोष्ट निघाली, तू मला का नाही कळवलंस? अगं, मला माहीत असतं तर सांगितलं असतं. एकच वाक्य. आत्ताचं असो की मागचं, जे नाही ते नाही. त्याला काळ कशाला लावायचा? चाळीस वर्षं मराठी बोलतेय, आई मराठीची शिक्षिका, पण हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. ते कळायला कोटाची बटणं लावून डब्लिनमधल्या गार खोलीत बसावं लागलं. वर्गाला सांगितलं. गार्डा म्हणाले, म्हणजे तुमची भाषा पण अपुरी? मी म्हटलं, हो ना, आठ कोटी लोक आहेत आम्ही, कसंबसं चालवतोय.

त्या दिवशी चहाच्या वेळी मास्तरांनी विचारलं, मराठीचा नि डब्लिनचा काही जुना संबंध आहे का? मला एक ठाऊक होता. भारतातल्या भाषांची पहिली मोठी पाहणी करणारे जॉर्ज ग्रिअर्सन इथलेच, डब्लिनजवळच्या ग्लेनगिअरीत १८५१ साली जन्मलेले, ट्रिनिटी कॉलेजचे विद्यार्थी. त्या पाहणीचा सातवा खंड मराठीचा, १९०५ चा. आईच्या कपाटात त्यांच्यावरचं एक टिपण होतं. मास्तरांनी नाव हातावर लिहून घेतलं.

आठव्या मंगळवारी 'मुरख' आला. अर्थ: 'नसतं तर'. तू नसतीस तर, तुझ्यामुळे वाचले, असं आभार मानायचं तर वाक्य 'मुरख'नं सुरू होतं. मी कितीही प्रयत्न केला तरी मला ते कुणाला तोंडावर म्हणवेना. ब्राझीलच्या मुलीनं मला बसथांब्यापर्यंत छत्रीत नेलं, तेव्हा म्हणून बघितलं. तिला आनंद झाला. मी मात्र मनातल्या मनात माफी मागितली.

नववा मंगळवार लॉटरीचा. हा इथला ठरलेला प्रश्न आहे, शाळा सोडतानाच्या तोंडी परीक्षेत पोरांना हमखास येतो. लॉटरी लागली असती तर काय केलं असतं? 'दा मूअहिन अन क्रानखुर.' 'मूअहिन'मध्येही मूळ ब आहे, सरकून म झालेला. सगळ्यांनी घर घेतलं, 'ह्यानोन च्याख', कारण डब्लिनमध्ये घरांचे भाव असे आहेत की घर हा शुद्ध 'दा'चा विषय आहे, 'मा'चा नाही. गार्डांनी एकच शब्द उच्चारला, 'दोल्हिन', आणि खाली बसले. मी आत्याबाईच्या मिशा काढल्या. आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं, हे मी त्यांना आयरिशमध्ये सांगितलं. मास्तरांनी त्यावर त्यांच्याकडची म्हण दिली. नोव्हेंबरपर्यंत छान ऊन राहिलं असतं, तरी कुणीतरी तोंड वाकडं केलंच असतं. तीही 'दा म्येख'नंच सुरू होते. हवामानावरची म्हण जर-तरमध्येच असणार, या देशात ऊन हे कल्पनेतच जास्त.

आता तक्रारी, पटापट.

ध्वनिफिती. घरी सरावासाठी केंद्रानं वीस फायली दिल्या. आवाज गोड, पण बोलणारी डोनेगलची. आमचे मास्तर कोनमाराचे. मास्तरांच्या 'म्येख'ला शेवटी ख, फितीत त्याच शब्दाला शेवटी ऊ. चार आठवडे मला वाटत होतं हे दोन वेगळे शब्द आहेत आणि मी एकाचा अर्थ वहीत लिहायचा विसरलेय. केंद्राला मेल केली. उत्तर आलं, दोन्ही बरोबर आहेत. बरोबर आहेत हे मलाही मान्य आहे, सांगलीची मराठी नि पुण्याची मराठी दोन्ही बरोबर, पण नवख्याला एका हातात सांगली आणि दुसऱ्यात पुणं देऊन 'एकच आहे' म्हणू नये. लिखित प्रमाण आयरिश १९५८ साली छापून आली, ती लिहिण्यापुरती. बोलणं प्रत्येक किनाऱ्याचं आपापलं. शेवटी 'टांगलन' हे संकेतस्थळ कामी आलं. फुकट आहे. शब्द टाकला की उत्तरेकडची, पश्चिमेकडची आणि दक्षिणेकडची अशा तिन्ही बोलींतला उच्चार ऐकवतं, क्रियापदांचे तक्तेही देतं. वर्गाला जा न जा, हे मोबाइलवर ठेवा.

हीटिंग. दहापैकी चार संध्याकाळी बंद. एकदा वर्गच रद्द, निरोप साडेसहाला. भरून काढला, पण मधल्या सुट्टीच्या आठवड्यात, तेव्हा निम्मे लोक बाहेरगावी.

वेगही जरा विचित्र. घड्याळावर अख्खी संध्याकाळ घालवली आणि अनियमित क्रियापदं, जी एकूण अकराच आहेत, ती अर्ध्या तासात उरकली. 'मिळणं'चं रूप 'योइन', पण 'दा'नंतर तेच 'दा वाइन' होतं. हे असं का, ते विचारायला वेळच ठेवला नाही. मी ते लेकीकडून शिकले.

कुणी जावं? ज्यांची मुलं इथल्या शाळेत आहेत अशा मराठी आईबापांनी जरूर. नुसतं बोलायला शिकायचं असेल तर दहा आठवड्यांत ते होत नाही, तो भ्रम नको. २०२२च्या जनगणनेत आयरिश येते म्हणणारे अठरा लाखांवर होते आणि शाळेबाहेर रोज बोलणारे साधारण बहात्तर हजार. दुकानात कुणी तुमच्याशी बोलणार नाही. पण मुलाच्या वहीत डोकावता येईल आणि तिथं आपलं कायकाय ओळखीचं निघतं ते बघता येईल. खिडकीच्या बाजूला बसू नका. फायली उतरवून घेऊ नका.

शेवटच्या मंगळवारी निबंध होता, विषय आपापला. मी 'मी पक्षी असते तर' घेतला, दुसरं काय घेणार. 'दा मेन्य इ मेन.' आठ ओळी. पक्षी असते तर उडाले असते, पलूसला गेले असते, आईच्या दारातल्या पेरूवर बसले असते. लाल शाई दोन ठिकाणी. एका ठिकाणी स्वरानं सुरू होणाऱ्या क्रियापदाआधीचा द राहिला होता. दुसऱ्या ठिकाणी मास्तरांनी 'पेरू'च्या खाली प्रश्नचिन्ह काढून विचारलं होतं, देश की फळ?

रात्री आईला फोनवर वाचून दाखवला, अर्थासकट. ती म्हणाली, "अगं, पक्षी असतीस तर तिकिटाचे पैसे वाचले असते."

ते वाक्य मी आयरिशमध्ये करून लेकीला ऐकवलं. 'दा म्येख तू' असं सुरू केलं. ती तोंडातला घास न गिळताच म्हणाली, "आई, दा मेफा."